आधी ओठ, मग बाजा : वडोदऱ्यातील लहान मुलांच्या पितळी वाद्यवर्गाचे परीक्षण

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, दर रविवारी सकाळी लहान मुलांना पितळी वाद्यांची ओळख करून देणारा एक वर्ग भरतो. त्याला पाटी नाही, नाव नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही; आसपासची मंडळी त्याला 'मास्तरांचा बाजाचा वर्ग' एवढेच म्हणतात. मास्तर पोलीस बँडमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच, पण जवळ गुंडाळलेले वाद्य) वाजवत निवृत्त झाले आहेत आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्यांच्या सूनबाई वर्गात त्यांच्या जोडीला असतात. माझी सात वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा भाचा असे दोघेही गेल्या पावसाळ्यापासून तिथे जात आहेत. पालकांना मागे बसू देतात, त्यामुळे मलाही हा वर्ग बराच जवळून पाहता आला. गाणे, पेटी, तबला आणि कथक शिकवणाऱ्या चांगल्या जागा आपल्या शहरात पुष्कळ आहेत. परंतु ट्रम्पेट, बिगुल, सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन ही वाद्ये पाच ते अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत समजुतीने पोहोचवणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पितळी वाद्ये वडोदऱ्याला परकी नाहीत. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा सुरू केली आणि सूरसागराकाठचे आजचे संगीत महाविद्यालय त्याच परंपरेतले आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. संस्थानाचा स्वतःचा बँडही होता. कमाटी बागेतला बँडस्टँड आजही उभा आहे, आणि देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो तेव्हा बँडचे सूर मांडवीपर्यंत ऐकू येतात. एवढे असूनही आपल्या घरातल्या मुलांना ही वाद्ये लांबूनच माहीत असतात. लग्नाच्या वरातीत मुले बँडपुढे नाचतात, पण वाजवणाऱ्याच्या ओठांकडे आणि बोटांकडे पाहण्याची संधी त्यांना कोणी देत नाही. मास्तरांच्या वर्गाचे पहिले श्रेय हे की तो मुलाला वाद्यापासून हातभर अंतरावर आणून बसवतो.

तरीही पहिल्या दिवशी वाद्य हातात मिळत नाही, आणि माझ्या मते वर्गाची खरी किंमत याच शिस्तीत आहे. टेबलावर कॉर्नेट, ट्रम्पेट, बिगुल, एक जुने युफोनियम (खालच्या सुरांचे मोठे पितळी वाद्य) आणि लाल प्लॅस्टिकचा ट्रॉम्बोन मांडलेला असतो. मुलांची नजर त्यांवरून हलत नाही. मास्तर मात्र सुरुवात ओठांपासून करतात. "म म्हणा, आणि ओठ तसेच मिटलेले ठेवा," असे ते सांगतात. मग ओठांचे कोपरे घट्ट धरून मधूनच हवा सोडायची. पहिल्यांदा बहुतेक मुलांच्या तोंडून घोड्यासारखी सैल फुरफुर निघते, काहींचे गाल फुगतात, काहींची नुसतीच फुंकर जाते. मास्तर कोणालाही चूक म्हणत नाहीत. ते फक्त मुलाच्या गालांवर दोन बोटे ठेवून "इथे हवा साठवायची नाही, बाळा, पुढे पाठवायची," एवढे म्हणतात. थोड्या वेळाने सैल फुरफुरीच्या जागी भुंग्यासारखी बारीक, ताणलेली गुणगुण येऊ लागते. तीच या सर्व वाद्यांची मुळाक्षरे आहेत. पितळी वाद्यात आवाज वाद्य करत नाही, वाजवणाऱ्याचे थरथरणारे ओठ करतात. नळी त्या थरथरीला सूर देते आणि पुढचा कर्णा तो सूर बाहेर फेकतो. हे वाक्य मुलांना पाठ करायला न लावता त्यांच्या ओठांना आधी कळू देणे, हे शिक्षक म्हणून मला फार मोलाचे वाटले.

श्वासाचे काम याच टप्प्यावर सुरू होते. वहीच्या कागदाचा चौकोनी कपटा भिंतीला लावून हात काढून घ्यायचा आणि तो केवळ फुंकरीच्या जोरावर भिंतीला धरून ठेवायचा, हा खेळ मुले मनापासून खेळतात. खांदे वर न उचलता पोटापासून श्वास घेतल्याशिवाय कपटा टिकत नाही, त्यामुळे ते वेगळे शिकवावे लागत नाही. मी गाणे शिकलेली आहे, आणि गळ्याच्या साधनेतही हीच गोष्ट आम्हाला किती उशिरा उमगली ते मला आठवते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती खेळातून मिळत असेल, तर पुढे त्याने ट्रम्पेट हाती घेतला काय किंवा गायला बसला काय, उपयोग दोन्हीकडे आहे.

यानंतरचा रविवार नळीचा होता, आणि संपूर्ण वर्गात मला सर्वांत आवडलेला तास तोच. सूनबाईंनी बागेला पाणी घालायच्या रबरी नळीचे दोन तुकडे आणले होते, एक साडेचार फुटांचा आणि एक नऊ फुटांचा. एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बसवलेले ट्रम्पेटचे माउथपीस (ओठ टेकवायचा तुकडा) आणि दुसऱ्या टोकाला तेल ओतायचे नरसाळे, एवढीच सामग्री. साडेचार फुटांच्या नळीतून जवळजवळ ट्रम्पेटचाच सूर निघाला, कारण ट्रम्पेटची गुंडाळलेली नळी उलगडली तर तीही साधारण तेवढीच, म्हणजे सुमारे १.४ ते १.५ मीटर भरते. दुप्पट लांबीच्या नळीतून तोच स्वर एक सप्तक खाली आला. ट्रॉम्बोन आणि युफोनियम नेमके याच लांबीचे असतात. त्यानंतर सूनबाईंनी नळीचे वेटोळे केले, पुन्हा सरळ केली, आणि सूर बदलला नाही हे मुलांनी स्वतः ऐकले. "मग गुंडाळतात कशाला?" असे एका मुलाने विचारले. "अठरा फूट सरळ नळी घेऊन तू जिन्यावरून उतरशील का?" हे मास्तरांचे उत्तर होते. मोठ्या ट्यूबाची, म्हणजे खर्जाच्या सुरांच्या पितळी वाद्याची, नळी खरोखरच सुमारे १८ फुटांची असते आणि गोल वेटोळ्याच्या फ्रेंच हॉर्नची सुमारे १२ फुटांची. मुलांनी वाड्याच्या चौकात खडूने या लांबी आखून पाहिल्या आणि ट्यूबाची रेघ जिन्याच्या पायरीपर्यंत गेली.

या एका प्रयोगातून दुसरीही एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती म्हणजे या कुटुंबाला पितळी म्हणत असलो तरी त्याचे नाते पितळेशी नाही. पितळ म्हणजे सर्वसाधारणपणे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते वाकवायला सोयीचे, टिकाऊ आणि देखणे आहे, म्हणून वापरात आले. आवाजाचे रूप मुख्यतः आतल्या हवेच्या स्तंभाच्या लांबीवर आणि आकारावर ठरते. रबरी नळी वाजते, प्लॅस्टिकचा ट्रॉम्बोन वाजतो, आणि आपल्या देवघरातला शंखही याच नियमाने वाजतो. मास्तरांनी इथे केलेली मांडणी मराठी घरातल्या मुलांसाठी विशेष योग्य आहे. त्यांनी सुरुवात परदेशी वाद्यांपासून न करता शंख, शिंग आणि तुतारीपासून केली. आरतीला शंख फुंकणाऱ्या घरातली एक मुलगी वर्गात होती. तिने घरचा शंख आणला आणि पहिल्याच फुंकरीत तो घुमवला, कारण तिच्या ओठांना ती कला आधीच अवगत होती. गडावरच्या शिवजयंतीत वाजणारी तुतारी ही ट्रम्पेटची सख्खी बहीण आहे हे कळल्यावर माझ्या भाच्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान उमटला, तो मला कोणत्याही पुस्तकातल्या चित्राने आणून दिला नसता.

मग वर्गवारीचा तास आला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रे मुलांपुढे ठेवली होती: शंख, तुतारी, बिगुल, ट्रम्पेट, सनई, बासरी आणि सॅक्सोफोन. ओठांनी वाजणारी वाद्ये एका बाजूला करायची होती. माझ्या मुलीने सॅक्सोफोन बेधडक ट्रम्पेटशेजारी ठेवला, कारण तो पिवळाधमक होता. मास्तरांनी तो तिथेच राहू दिला, पेटीतून सॅक्सोफोनची वेताची पट्टी काढून तिच्या हातात दिली आणि विचारले, "इथे कोण थरथरतं? तुझे ओठ की ही पट्टी?" तिने पट्टीला बोट लावले, क्षणभर विचार केला आणि चित्र उचलून सनईपाशी नेले. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असूनही पट्टीमुळे ते वाद्य क्लॅरिनेटच्या कुळात गणले जाते. मोठ्या माणसांनाही ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. सात वर्षांच्या मुलीने ती स्वतःच्या हाताने सोडवली, यात शिकवण्याची सगळी कसब आहे.

बिगुलाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण गाणे ऐकणाऱ्या घरांना या टप्प्यात सर्वांत जास्त मिळण्यासारखे आहे. बिगुलाला ना बटणे, ना भोके. नळी एकच, लांबी एकच. स्वर बदलायचे ते केवळ ओठांच्या ताणाने. त्यावर नेहमी वापरात येणारे स्वर पाच: सा, प, वरचा सा, त्याच्याही वरचा ग आणि प. त्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण दोनास तीन, चार, पाच, सहा असे सरळ वाढत जाते. मास्तर हे आकडे लहान मुलांना सांगत नाहीत. ते मुलांना स्वर सरगमातच म्हणायला लावतात आणि नंतर ओठांनी शोधायला सांगतात. भाच्याने वरचा ग मिळवला त्या दिवशी मी घरून तंबोरा नेला होता. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गांधार (ग) कानी पडतो, तो आणि बिगुलावरचा गांधार हे एकाच नियमाने जन्मलेले सूर आहेत: दोन्हींची कंपनसंख्या मूळ स्वराच्या पाचपट असते आणि दोन्ही पेटीवरच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेले असतात. मास्तरांनी तंबोऱ्याच्या सुरात बिगुल वाजवून दाखवला तेव्हा गांधार गांधारात असा मिसळला की खोलीतली मुले आपोआप गप्प झाली. पाश्चात्त्य वाद्य आणि आपले संगीत यांची गाठ अशा ठिकाणी पडते, ते उसनी चाल बसवून साधत नाही. वर्गाने हा तास अभ्यासक्रमात कायमचा ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

बिगुलाची मर्यादा मुलांना जाणवली की मगच व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची वाट वळवणारी बटणे, समोर येतात, आणि इतिहासातही क्रम तोच आहे. व्हॉल्व्हची कल्पना हाइनरिख श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिख ब्लूमेल या दोघा जर्मन वादकांनी पुढे आणली आणि १८१८ मध्ये प्रशियात तिचे पेटंट घेतले. त्याआधी ट्रम्पेट वाजवणाराही बहुतांशी बिगुलाच्याच पायऱ्यांवर चढउतार करत असे. मास्तर कॉर्नेटचा मधला व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढतात. तेलाने चकाकणारा तो बोटभर दंडगोल मुलांच्या हातातून फिरतो. त्यातली आरपार गेलेली भोके आणि अंगावर कोरलेला आकडा मुले निरखून पाहतात. मास्तर तो मुद्दाम थोडा फिरलेला बसवतात आणि एका मुलाला फुंकायला सांगतात. हवा कुठेच जात नाही, मुलाचे डोळे मोठे होतात. आकडा योग्य बाजूस आणून बसवला की सूर लगेच फुटतो. बटण दाबले म्हणजे हवेची वाट एका जादा नळीतून वळते, वाट लांबते आणि सूर उतरतो, हे समजावायला त्यानंतर फारसे बोलावे लागत नाही. मधले बटण अर्धा स्वर उतरवते, पहिले एक स्वर, तिसरे दीड. तीन बटणांच्या आठ जुळण्या होतात, पण पहिले आणि मधले मिळून तिसऱ्याइतकेच उतरवतात, म्हणून उपयोगाच्या लांबी सातच उरतात. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीच्या जागाही सातच असतात. हा मेळ भाच्याने कागदाच्या पट्ट्या कापून स्वतः जुळवला. धाकट्यांना मात्र या तासाला कंटाळा आला, आणि तो येणारच होता. पाच-सहा वर्षांच्या मुलांना त्या वेळी चौकात नळ्यांशी खेळू द्यावे.

जिभेच्या कामाविषयी एक सुखद निरीक्षण नोंदवते. प्रत्येक स्वराची सुरुवात जिभेने 'तू' असा हलका आघात करून करायची असते आणि जलद वाजवताना 'त क त क' असे दुहेरी आघात वापरतात. ज्यांच्या घरी तबला आहे ती मुले हे फार चटकन उचलतात, कारण बोल म्हणण्याची सवय त्यांच्या जिभेला असते. मास्तरांनी ही वाट स्वतःहून वापरली आहे, याचे मला कौतुक वाटते.

एका रविवारी त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवणाऱ्या एका ज्येष्ठ वादकांना बोलावले होते. त्यांनी वर्दी न घालता साध्या सदऱ्यात बसून आधी संथ आलापीसारखे काही वाजवले आणि नंतर मुलांना कर्ण्याच्या तोंडाशी हात धरून हवेचा स्पर्श कसा लागतो ते पाहू दिले. आपल्या देशातली अशी बहुसंख्य वाद्ये मेरठच्या जली कोठी भागात घडतात आणि तिथली बँडची वाद्ये बनवणारी नादिर अली ही पेढी १८८५ मध्ये सुरू झाली, हेही मुलांना त्यांच्याकडूनच समजले. निरोपाच्या वेळी मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केला. वर्गाने हा उपक्रम वर्षातून एकदाच न ठेवता वाढवावा. वरातीतल्या वादकाला गुरुजी म्हणून भेटणे हा मुलांसाठी वाद्याइतकाच महत्त्वाचा परिचय आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव जागेची आहे. फरशीची जमीन, दगडी भिंती आणि जेमतेम दहा-बारा मुले मावतील एवढी खोली. तिथे तीन बिगुल एकदम वाजले की आवाज सहन होत नाही. एका लहान मुलाने बराच वेळ कान झाकून घेतले होते आणि त्याची आई अस्वस्थ झाली होती. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज दीर्घकाळ कानी पडणे अपायकारक मानले जाते, आणि जवळून वाजणारा ट्रम्पेट ही मर्यादा सहज ओलांडतो. मास्तरांचे सारे आयुष्य मोकळ्या मैदानात वाजवण्यात गेले असल्यामुळे त्यांना ते जाणवत नसावे. मुलांनी एकेकट्याने, कर्णा चौकाकडे करून वाजवावे आणि हिवाळ्यात तरी वर्ग कमाटी बागेत न्यावा, असे मी सुचवले. बँडस्टँडवर एकदा नेलेही होते, आणि तिथे त्याच मुलांचा आवाज किती मोकळा आणि गोड लागला ते सर्व पालकांनी ऐकले आहे. तो अपवाद न राहता नियम व्हावा.

दुसरी उणीव स्वच्छतेची. नियम चांगला आहे: प्रत्येक मुलाचे माउथपीस वेगळे, नावाची चिठ्ठी लावलेले, वर्गानंतर कोमट पाण्याने आणि साबणाने धुतलेले. परंतु गर्दीच्या दिवशी बिगुल नुसते फडक्याने पुसून पुढच्या मुलाच्या तोंडाशी गेलेले मी पाहिले आहे. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत हे चालण्यासारखे नाही. माझ्यासह दोन-तीन पालकांनी सांगितल्यावर सूनबाईंनी निर्जंतुक द्रावणाचे भांडे ठेवले, तरी त्यावर लक्ष ठेवायला एक माणूस हवा. वाद्यातून टपकणारे थेंब पाहून काही पालक नाक मुरडतात, त्यांनी मात्र निश्चिंत असावे. ते मुख्यतः श्वासातली वाफ थंड होऊन साचलेले पाणी असते.

तिसरी गोष्ट मला अधिक मनाला लागली, कारण ती वर्गाच्या चांगल्या पद्धतीला मारक आहे. गणेशोत्सवाच्या आधी काही पालकांनी मंडळाच्या कार्यक्रमात मुलांचे वादन ठेवावे असा आग्रह धरला, आणि मास्तरांनी तो मान्य केला. त्यानंतरचे काही रविवार केवळ एक आरती बसवण्यात गेले. ज्यांचे ओठ अजून तयार नव्हते ती मुले सूर चढवण्यासाठी माउथपीस ओठांवर दाबू लागली, आणि कार्यक्रमानंतर माझ्या मुलीच्या वरच्या ओठावर लाल वळ दिसला. दाबून सूर चढवण्याची सवय एकदा लागली की सोडवायला फार जड जाते, हे मास्तरांनीच आम्हाला पहिल्या रविवारी सांगितले होते. पालकांच्या हौसेपुढे त्यांनी आपले म्हणणे सोडायला नको होते, आणि पालक म्हणून आपणही ते मागायला नको होते. मंडपात उभे राहून मुलांनी शंख आणि तुतारीचे दोन स्वर स्वच्छ वाजवले असते, तरी श्रोत्यांना आनंदच झाला असता.

वयाविषयी बरेच पालक विचारतात. दुधाचे पुढचे दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात आणि वरचे मधले पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. माउथपीसचा भार याच दातांवर येतो. त्यामुळे नियमित ट्रम्पेट किंवा कॉर्नेट शिकणे आठ ते दहा वर्षांच्या सुमारास सुरू करणे योग्य. त्याआधी गुणगुण, नळी, शंख, प्लॅस्टिकचे हलके वाद्य आणि भरपूर श्रवण. पुढचे दात पडलेल्या मुलाला मास्तर फुंकायला लावत नाहीत, त्याच्याकडे ताल सोपवतात. दातांना तारा लावलेल्या मुलांनी आधी दंतवैद्यांना विचारावे.

घरी काय घ्यावे, याबद्दलही थोडे. जत्रेतली पिपाणी या कामाची नाही. तिच्यात पत्ती असते, नुसते फुंकले की वाजते, आणि ओठांना काहीच शिकवत नाही. शोभेसाठी मिळणारे चकचकीत बिगुल बहुधा सुरात नसतात. दहा वर्षांच्या मुलाला कॉर्नेट ट्रम्पेटपेक्षा सोपे जाते, कारण नळी तेवढीच असली तरी ती जवळ गुंडाळलेली असते आणि वजन हाताशी राहते. ट्रॉम्बोनच्या शेवटच्या जागांपर्यंत लहान मुलाचा हात पोहोचत नाही. प्लॅस्टिकचा हलका ट्रॉम्बोन खेळायला छान, पण त्याचा हट्ट धरू नये. माउथपीस घ्यायचेच तर नवशिक्यांसाठी सर्वत्र चालणारे ७सी माप पुरेसे आहे. पितळी वाद्य देवघरातल्या समईसारखे चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नये. वरचा लाखेचा मुलामा निघून जातो. गरम पाणीही वापरू नये, कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते. व्हॉल्व्हला मात्र तेल नियमित द्यावे.

शुल्क महिन्याला ८०० रुपये आहे, त्यात वाद्ये वर्गाचीच वापरायला मिळतात, आणि एवढ्या काळजीच्या शिकवणीसाठी ते मला वाजवी वाटते. शिकवण्याची भाषा मराठी आणि गुजराती, दोन्ही सहज मिसळलेल्या. गाडी लावायला गल्लीत जागा नाही. खंडेराव मार्केटकडे लावून चालत यावे. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी मी हा वर्ग निःशंकपणे सुचवते, त्याहून लहानांसाठी पहिले तीन महिने जरूर, आणि त्यानंतर मुलाचा कल पाहून. नवी तुकडी दसऱ्यानंतर घेतात. भेटायला रविवारी अकरानंतर, वर्ग सुटल्यावर जावे, आणि मुलाला बरोबर न्यावे. दात आणि ओठ पाहिल्याशिवाय मास्तर प्रवेश देत नाहीत.